शंभरीची शर्यत

सोमवार उजाडूच नये असं एतेल्काला वाटे. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला क्लबच्या फाटकातून बत्तीस नवी मुलं आत घुसत. प्रत्येकाच्या मागे एक आई, आणि त्या आईच्या तोंडी ठरलेली तीन वाक्यं. आमचा ढोबळी मिरची खात नाही, आमच्याला ऊन सोसत नाही, आणि आमच्याला जरा सांभाळून घ्या, फार हळवा आहे हो तो. हा हळवा पोरगा दुपारपर्यंत शेजारच्याच्या डोक्यात वल्हं घालून मोकळा झालेला असे.

मुलं यायची ती बालातोनच्या पाण्यावर शिडाची होडी हाकायला शिकायला. पण पाण्यावर तासभर आणि एतेल्काच्या स्वयंपाकघराच्या दारात दिवसभर, असा तो शिकण्याचा प्रकार. नेनी, भूक लागली. नेनी, माझा टॉवेल गेला. नेनी, याने माझ्या बुटात बेडूक ठेवला. नेनी म्हणजे काकू. बत्तीस तोंडांतून दिवसाला प्रत्येकी दहा वेळा निघाली की त्या शब्दाचासुद्धा वीट येतो माणसाला. सोमवारी चौसष्ट बूट आत येत आणि शनिवारी एकसष्ट बाहेर जात. उरलेले तीन कुठे जात ते देवाला ठाऊक. एतेल्काकडे एकेकट्या बुटांचं एक पिंपच भरलं होतं.

अशा दहा तुकड्या. दहा आठवडे तीच लाल बटाट्यांची रस्साभाजी, तोच सॉसेजचा वास, तेच दोरीवर वाळत घातलेले बत्तीस टॉवेल. संध्याकाळी पाच वाजता तिच्या पायांचे तुकडे पडलेले असत. ती मागच्या पायरीवर बसून चपला काढी आणि समोरचं हिरवं पाणी बघत राही. लोक बुदापेश्तहून दोन-दोन तास गाडी चालवत ते पाणी बघायला येत. एतेल्काला त्या पाण्यात आता ओले टॉवेलच दिसत.

नवऱ्याचं म्हणाल तर त्याची गोष्टच निराळी. देझो क्लबचा बंदरमास्तर. सदुसष्ट वर्षांचा, गुडघ्यांतून जरा वाकलेला, पण धक्क्यावर पाय पडला की पंचविशीतला. होड्या बांधायच्या, सोडायच्या, फुटलेल्या सांधायच्या, पोरांना वारा कुठून येतो ते ओलं बोट वर करून दाखवायचं, सगळं त्याच्याकडे. बालातोनवर साध्यासुध्या माणसाला पेट्रोलची मोटरबोट फिरवायची मनाई. ती फक्त वाचवणाऱ्यांच्या हाती. त्यामुळे वारा पडला की मधोमध अडकलेली सगळी शिडं देझोला फोन करत. इतरांची तोंडं पडत, देझोची कळी खुले. मग तो आपली खडखडी मोटरबोट घेऊन निघे आणि दहा-बारा होड्या एका दोराला बांधून घेऊन येई, पुढे कोंबडी आणि मागे पिल्लं. काठावरची माणसं टाळ्या पिटत. देझो बाची, देझो बाची, करत पोरं त्याच्या पाठीवर चढत. बाची म्हणजे काका. त्याला त्या शब्दाचा कधी वीट आला नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी ती दोघं इथे आली तेव्हा ठरलं होतं, दोनच उन्हाळे. देझो बसच्या कारखान्यात फिटर होता, कारखाना बंद पडला. एतेल्का शिवणकाम करायची. शिडं शिवायला क्लबला कुणीतरी हवंच होतं. शिडांच्या कोठारावर दोन खोल्या मिळाल्या. उन्हाळ्यात त्या खोल्या तापत, हिवाळ्यात भिंतींना ओल येई आणि सरोवर गोठलं की चार महिने माणसाचा आवाज ऐकू येत नसे. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. तिची धाकटी बहीण योलान दूर केच्केमेतला राहायची, मैदानी मुलखात, जर्दाळूंच्या बागांत. नवरा गेल्यापासून एकटीच होती. तळमजल्याचं घर, अंगणात दोन झाडं, एक खोली रिकामी. या, या, म्हणून ती दर नाताळाला लिही. पण तिथे पाणी फक्त नळाला, असं देझो म्हणे आणि विषय संपे.

आता शंभरीच्या शर्यतीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, मुलांची शेवटची तुकडी गेली की क्लबची म्हातारी मंडळी ही शर्यत करतात. होडीत दोघं, आणि दोघांच्या वयाची बेरीज निदान शंभर. जिंकणाऱ्याला तांब्याचा एक जुना हंडा मिळतो, त्यात त्याच दिवशी माशांचं लाल सूप शिजतं आणि सगळा क्लब जेवतो. जिंकणाऱ्याला आधी कपड्यांसकट धक्क्यावरून पाण्यात फेकतात. त्यात मोठा मान आहे. बुदापेश्तचे डॉक्टर आणि वकील त्या बुडीसाठी वर्षभर झुरतात.

एतेल्का बावन्नची नि देझो... नाही, चुकलंच. ती अठ्ठेचाळीसची आणि तो बावन्नचा झाला तेव्हा यांची बेरीज पहिल्यांदा शंभर भरली. त्या वर्षी देझोने सूप पिता पिता, चार माणसांदेखत तिला वचन दिलं होतं. ज्या वर्षी हा हंडा आपण जिंकू, त्या वर्षी बोचकं बांधायचं आणि केच्केमेतला जायचं. जिंकून जायचं, असंतसं नाही. एतेल्काला ते पटलं. तिला वाटलं, फार तर दोन-तीन वर्षं. कारण त्या बंदरात देझोच्या तोडीचा माणूस नव्हता, हे पाण्यातल्या हंसांनाही माहीत होतं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिल्या वर्षी दुसरा नंबर. दुसऱ्या वर्षी भोंगा वाजायच्या आधीच होडी रेषेच्या पलीकडे गेली आणि बाद. मग एकदा दोर तुटला. एकदा वारा फिरला तेव्हा देझो नेमका चुकीच्या बाजूला. एकदा बोयाला, म्हणजे पाण्यावरच्या त्या नारिंगी फुग्याला, उलट्या बाजूने वळसा घातला. पोरांना दहा आठवडे हेच शिकवणारा माणूस, आणि स्वतः उलटा गेला. लोक हसले. देझोही हसला. दरवर्षी कुठेतरी माशी शिंकायचीच. एतेल्का दरवर्षी सूप वाढायची, कारण ती वाढतेच, आणि दरवर्षी ऐंशी वाट्या भरता भरता मनात म्हणायची, पुढच्या वर्षी.

असे पंधरा उन्हाळे गेले.

या वर्षी मात्र ती खरोखर मेटाकुटीला आली. जुलैत सलग नऊ दिवस वारा नव्हता. मुलं पाण्यावर जाईनात, दिवसभर अंगणात, डास, रडारड, मारामाऱ्या, आणि स्वयंपाकघरात भट्टी. सातव्या दिवशी एतेल्का बटाट्यांचं पातेलं उतरवता उतरवता खाली बसली ती उठेच ना. पातेलं वाचलं, तिचा हात भाजला. डॉक्टरने सांगितलं, वय त्रेसष्ट, रक्तदाब हा असा, बाई, आता पुरे. क्लबचे अध्यक्ष बर्तालान, बुदापेश्तचे निवृत्त दंतवैद्य, फुलं घेऊन आले. काळजी घ्या म्हणाले, आणि जाता जाता विचारलं की सोमवारच्या तुकडीला जेवण जमेल ना. माणूस वाईट नाही. पण फुलं घेऊन येणाऱ्याला स्वयंपाकघर दिसत नाही, हेही खरं.

त्याच आठवड्यात योलानचं पत्र आलं. खोलीला चुना दिला, नवा पलंग आणला, खिडकीतून जर्दाळू दिसतात. एतेल्काने ते पत्र देझोसमोर ठेवलं आणि म्हणाली की या वर्षी जिंकायचंच. देझोने पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी केली. जिंकू की, म्हणाला.

मग तिने कंबर कसली. भाजलेल्या हाताने होडीचं पुढचं शीड नव्याने शिवलं, टाका न् टाका दोनदा. होडी म्हणजे त्यांची जुनी लाकडी कालोझ, दोघांनी हाकायची शिडाची होडी, तिचं नाव ‘कापोर’. कापोर म्हणजे शेपू. देझोला दुधीच्या भाजीत शेपू लागतो म्हणून त्याने लग्नाच्या तिसाव्या वर्षी होडीला हे नाव दिलं होतं; सगळ्या बंदरात वादळं, गरुड आणि परी, आणि मधेच एक शेपू. एतेल्काने तिचं बूड घासून घासून गुळगुळीत केलं. ऑगस्टच्या संध्याकाळी, मुलं जेवली की, पाय ओढत ती होडीत जाऊन बसे आणि वळण्याचा सराव करायला लावी. एकोणीस वर्षांत तिने आपणहून पाण्यावर जायचं म्हटलं ते याच महिन्यात. देझो तिला शिकवताना गोड बोले. वळताना मान खाली, दोर सोड, हं, छान, असं. मधूनच तो बंदराकडे बघत बसे. दमला असेल, असं तिला वाटे.

रविवार उजाडला तो उत्तरेचा वारा घेऊन. डोंगरावरून येणारा हा वारा लहरी, पण देझोच्या अगदी घरचा. अकरा होड्या सुटल्या. भोंगा वाजला तेव्हा शेपू रेषेवर बरोब्बर, ना पुढे ना मागे. एतेल्काला तिथेच रडू यायला लागलं होतं, पण दोर हातात असताना रडता येत नाही. पहिल्या बोयाला ती दोघं तिसरी होती, दुसऱ्याला पहिली. मागे बर्तालानसाहेब आणि त्यांची बायको, होडी नवीकोरी, शीड पांढरंशुभ्र, पण वाऱ्याचा अंदाज नाही. देझो मात्र न बघता वारा ओळखत होता. या माणसाला इतकं सुरेख होडी हाकता येते, तिच्या मनात आलं, मग इतकी वर्षं काय झालं होतं? तिने तो विचार झटकला. नशीब, दुसरं काय.

शेवटचा बोया आला. नियम असा की बोयाला होडीचं, शिडाचं, माणसाच्या कोपराचंही काही लागलं, तर तिथल्या तिथे होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची, तीच शिक्षा. पाण्यावर पंच नसतो. ज्याचं त्याने बघायचं. एतेल्का बोयाच्याच बाजूला, होडीबाहेर झुकलेली होती. नारिंगी फुगा तिच्या मांडीजवळून गेला. तिने तो पाहिला, अगदी डोळे फाडून पाहिला, कारण या एकाच जागी सगळं जाणार होतं. फुग्यावर चिकटलेल्या चिलटांच्या कातीसुद्धा तिला दिसल्या. फुगा आणि होडी यांच्यामध्ये वीतभर हिरवं पाणी होतं. स्वच्छ वीतभर. होडी वळली, शीड फुगलं, आणि शेपू सरळ शेवटच्या रेषेकडे निघाली. बर्तालानांची होडी तेव्हा चांगली पन्नास हात मागे होती.

भोंगा वाजला. पहिली. पंधरा वर्षांनी पहिली. एतेल्का होडीच्या तळाशी बसली आणि पदर नसल्यामुळे शिडाच्या टोकात तोंड खुपसून रडली. देझो म्हणाला, झालं बरं का, झालं. त्याचा आवाज कोरडा होता. तिला वाटलं, तोही रडतोय आणि लपवतोय.

काठावर आलं की प्रत्येक सुकाणूवाल्याने तासाभरात लाकडी खोपटात जायचं आणि वहीत सही करायची, ही इथली रीत. मी नियमाने होडी हाकली, एवढंच एक वाक्य छापलेलं असतं, त्याखाली सही. सही झाली की निकाल पक्का. देझो सही करायला गेला. एतेल्काने शीड उतरवलं, घडी घातली, आणि तिथेच धक्क्यावर उभी राहून तिने योलानला फोन लावला. फार बोलली नाही. चादरी घाल म्हणाली, लवकरच येतो आम्ही. पलीकडे योलान मुसमुसायला लागली. कुणाला काही करून खायला घालावं लागणार नाही तुला इथे, म्हणाली, मी करीन, तू बस. हे ऐकून एतेल्काला आपले पाय किती दुखताहेत ते एकदम कळलं. एकोणीस वर्षांत तिला कुणी बस म्हणालं नव्हतं.

तेवढ्यात कर्णा खरखरला. बर्तालानसाहेबांचा आवाज, आणि भरून आलेला. ते म्हणाले की आपल्या क्लबच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात असे दिवस थोडे येतात. आपले बंदरमास्तर देझो यांनी आत्ता स्वतःहून येऊन सांगितलं की शेवटच्या बोयाला त्यांच्या होडीचा मागचा कोपरा लागला होता आणि त्यांनी गिरकी घेतली नाही. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. त्यांनी आपलं नाव मागे घेतलं आहे. हंडा नियमाने माझ्याकडे येतो, पण मान त्यांचा.

सगळं बंदर टाळ्यांनी दणाणलं.

लोक एतेल्काभोवती जमले. कुणी हात दाबला, कुणी गालाला गाल लावला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, एक बाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एतेल्का बघत राहिली. कोपरा लागला? कुठला कोपरा? मागचा कोपरा बोयाजवळून गेला तेव्हा तिची नजर तिथेच होती. वीतभर पाणी होतं, शपथेवर सांगते, वीतभर. पण सांगणार कुणाला? इथे माणूस स्वतःवर ठपका घेतो तेव्हा त्याला खोटं कोण म्हणणार? त्यासाठी कुठल्या वहीत जागा नसते. चोरी लपवणारा सापडतो. न केलेली चोरी कबूल करणारा कधी सापडत नाही.

मग बर्तालानसाहेबच म्हणाले की आज मला नको, त्यांना फेका. सहा जणांनी देझोला उचललं, तीनदा झोका दिला आणि पाण्यात भिरकावलं. तो वर आला तो हसत. टक्कल चमकत होतं, ओठांतून पाण्याची पिचकारी, आणि भोवती ऐंशी माणसं त्याचं नाव घेताहेत. एतेल्काने नवऱ्याला इतकं सुखी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि तो चेहरा बघता बघता तिला सगळं लख्ख समजलं. भोंग्याआधी सुटलेली होडी, तुटलेला दोर, उलटा घातलेला वळसा. दोर तर तिनेच आदल्या दिवशी तपासला होता. सगळ्यात चांगला सुकाणूवाला पंधरा वर्षं हरत नसतो. त्याला हरावं लागतं, आणि ते जिंकण्यापेक्षा अवघड काम आहे. तिला राग आला, असा राग की भाजलेला हात पुन्हा चुरचुरायला लागला. पंधरा वर्षं बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात जेवत होती ती, आणि वर ऐंशी जणांना वाढत होती.

देझो कोरडे कपडे घालायला शिडांच्या कोठारात गेला. ती मागोमाग गेली आणि दार लावून घेतलं. दुपारचे चार वाजले होते, फटींतून ऊन आत येत होतं. तो सदरा पिळत होता.

“लागलं नव्हतं,” ती म्हणाली.

त्याने सदरा आणखी पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिला.

“लागलं असेल असं वाटलं मला.”

“देझो, मी तिथे होते. माझ्याशी तरी खरं बोल. बाहेर सगळ्यांशी बोलून झालंय तुझं.”

तो एका गुंडाळलेल्या शिडावर बसला. सदरा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “नव्हतं लागलं.”

तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण किंचाळू. पण किंचाळायलाही अंगात बळ लागतं. ती समोरच्या फळीवर बसली. का, एवढंच विचारलं.

“तिथे मी काय करू, सांग ना,” देझो म्हणाला. “योलानच्या घरातला म्हातारा. सकाळी पाव आणायचा, दुपारी जर्दाळू वेचायचे. इथे वारा पडला की मला हाक मारतात. तिथे मला कोण हाक मारणार?”

खरं सांगायचं तर तिला त्याची कीव आली. पंचेचाळीस वर्षांचा संसार, कीव येणारच. हा प्रश्न त्याने तिला पहिल्या वर्षी विचारला असता, तर तिने काहीतरी तोड काढली असती. नाहीतर भांडली असती, पण भांडून एक काहीतरी ठरलं असतं. आणि तीही कमी शहाणी नव्हती. आपलं जाणं तिने त्या तांब्याच्या हंड्याला बांधून ठेवलं आणि दोर दिला याच्याच हातात. पंधरा वर्षांत तिला एकदाही सुचलं नाही की जायला हंडा लागत नाही, तिकीट लागतं.

“तुला हाक मारतात, बरोबर आहे,” ती म्हणाली. “मलाही मारतात. दिवसाला तीनशे वेळा. पण मी दमलेय रे. आजचं नाही, दहा वर्षांपासून दमलेय, आणि ते तुला दिसत होतं. ते बघून तू हरत होतास.”

ती बुधवारी जाणार असं तिने सांगितलं. त्याने यावं, राहावं, त्याचा तो मुखत्यार. तो खाली बघत म्हणाला की लोकांना सांगणार का. तिला हसू आलं, सुकं. नाही सांगत, म्हणाली, तुझा खरेपणा तुझ्यापाशीच राहू दे, एवढ्या टाळ्या पडल्यात त्याला.

सूप सहा वाजता शिजलं. हंड्याखालची लाकडं निखाऱ्यावर आली, मिरचीचा लाल तवंग वर तरंगला, माणसं लांब बाकांवर बसली. बर्तालानसाहेबांनी नेहमीसारखी पळी एतेल्कासमोर धरली. एतेल्का तुमच्याच हातचं, म्हणाले. तिने पळी घेतली नाही. बाकाच्या टोकाला जागा होती तिथे जाऊन बसली, चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले. मी बुधवारी जातेय, अध्यक्षसाहेब, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी दुसरं कुणी बघा, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगितलं. साहेबांच्या हातात पळी तशीच लोंबत राहिली. ती कुठे धरायची हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी देझो उठला. त्याने साहेबांच्या हातून पळी घेतली आणि वाढायला लागला. एरवी सुकाणू धरणारा हात, पळी वाकडी होई, सूप सांडे. लोक त्याला वाटी पुढे करताना पाठ थोपटत होते, शाबास देझो बाची म्हणत होते. तो मान हलवत होता आणि कुणाकडे बघत नव्हता. ऐंशी वाट्या भरायला किती वेळ लागतो ते त्याला आज कळत होतं. एतेल्काने मदत केली नाही. उठावंसं तिला दोनदा वाटलं, सवयच ती, पण बसून राहिली.

सगळ्यात शेवटी तो तिच्यापाशी आला. तिची वाटी भरली, माशाचा चांगला तुकडा शोधून वाटीत घातला.

“बुधवारी कितीची गाडी?”

“सात दहाची.”

“बॅगा जड होतील. मी येतो.”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तळहातांना घट्टे, टक्कलाची घामाने ओली कड, भुवयांवर सुकलेलं पाणी. पंचेचाळीस वर्षं ती या माणसाच्या वाऱ्यावर चालली होती.

“कुठपर्यंत?” तिने विचारलं.

देझोने धक्क्याकडे पाहिलं. अकरा होड्या एका रांगेत बांधलेल्या होत्या, सगळ्या त्यानेच बांधलेल्या.

“स्टेशनपर्यंत,” तो म्हणाला. आज दुपारपासून तो पहिल्यांदा न अडखळता खरं बोलला होता.

तिने मान हलवली आणि चमचा उचलला. सूप निवत चाललं होतं आणि मीठ जरा जास्त झालं होतं, पण ते तिला कुणीतरी वाढलेलं होतं. ती सावकाश जेवली.